पुढची दोन चाके

केंद्र सरकारच्या सेवकाच्या कानी ‘सस्पेन्शन’ हा शब्द पडला की त्याच्या पोटात जो गोळा उठतो, त्याची कल्पना इतरांस यावयाची नाही. आमच्या मनात तो शब्द १९६५ च्या नियमावलीतील दहाव्या नियमाशी कायमचा जखडलेला आहे. त्याच्या पाठोपाठ निर्वाह भत्ता येतो, नव्वद दिवसांचा फेरविचार येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वागण्यात एकाएकी उगवणारे ते विशिष्ट सौजन्यही येते. अशा या अमंगळ शब्दाशी आमचा दुसऱ्या, निरुपद्रवी अर्थाने परिचय व्हावा, आणि तोही पस्तिशी उलटल्यावर, बंगळुरात, एका खेळण्यातील मोटारीमुळे, हा योगच म्हणावयाचा.

ही मोटार आमच्याकडे आली ती कचेरीतून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांकडून. १९८६ साली ते परदेशी दौऱ्यावर गेले असता त्यांनी ती आपल्या मुलासाठी आणली होती. मुलगा पुढे अमेरिकेस गेला आणि मोटार माळ्यावर गेली. घर आवरताना ती हाती लागली, तेव्हा आमच्या चिरंजिवांचे वय विचारून त्यांनी ती आमच्या स्वाधीन केली. जपानातील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीची, खऱ्या वाहनाच्या एक दशांश मापाची, बिनतारी यंत्राने दुरून हाकावयाची अशी ही गाडी. तिचे नाव ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा. खाचखळग्यांतून धावणाऱ्या अशा गाड्यांना ‘बग्गी’ म्हणतात. कंपनीने ती प्रथम १९८४ साली काढली आणि लोकांचा लोभ पाहून २००५ साली पुन्हा बाजारात आणली. आमची मात्र पहिल्या काळातील. योगायोग असा की, या गाड्या ज्या सत्तावीस मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालत तो पट्टाही भारत सरकारने २००५ सालीच, पाच वॅटच्या मर्यादेत, परवान्याच्या कचाट्यातून मोकळा केला. सरकारी माणसाने आपल्या घरातील वस्तू नियमात बसते की नाही हे आधी पाहून घ्यावे, म्हणून एवढा तपशील.

आमची बदली नागपुराहून बंगळुरास झाली ती शाळेचे वर्ष निम्मे सरल्यावर. बदलीच्या आदेशात प्रवासभत्त्याचा उल्लेख असतो, सामान वाहून नेण्याच्या खर्चाचा असतो. नऊ वर्षांच्या मुलाचे मित्र वाहून नेण्याची तरतूद कोठेच नसते. चिरंजिवांना कानडीचा गंध नव्हता. वसाहतीच्या मागे लाल मातीचे एक ओबडधोबड मैदान आहे. तेथे संध्याकाळी मुले जमत, आणि आमचा मुलगा कडेच्या दगडावर बसून पाहत असे. त्या मुलांपैकी चौघापाचांकडे बिनतारी मोटारी होत्या. नव्या धर्तीच्या, चारही चाकांना गती असलेल्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या. नाकतोड्याचे आगमन झाले तेव्हा आमच्या मुलाच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती पाहून आम्ही आणि सौभाग्यवतींनी एकमेकांकडे पाहिले.

पण गाडी मैदानात सरळ धावेना. जिन्याखालच्या सिमेंटवर ती शहाण्यासारखी चाले. मैदानात पहिला उंचवटा येताच डावीकडे तोंड फिरवी, दुसरा येताच उजवीकडे, आणि तिसऱ्याला उलटी होऊन चारही चाके आकाशाकडे करी. मुले हसत. चिरंजीव गाडी उचलून घरी येत आणि काही बोलत नसत. ते न बोलणेच आम्हांस अधिक लागे.

आमच्या वरच्या मजल्यावरील सहकाऱ्यांचे वडील त्यांच्याकडे राहतात. हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये, म्हणजे ज्या कारखान्याची मुहूर्तमेढ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली रोवली तेथे, ते उभा जन्म फिटर होते. विमानांच्या चाकांच्या जोडणीचे काम त्यांच्या हातून गेलेले. बंगळूर १६३८ साली शहाजीराजांच्या हाती आले, त्या वेळी मागून आलेल्या घराण्यांपैकी आपले एक, असे ते सांगतात. कागद मागण्याचा आमच्या खात्याचा शिरस्ता आम्ही घरी पाळीत नाही. त्यांच्या मराठीत कानडी असे मिसळले आहे की कोणता शब्द कोणाचा हे त्यांनाही सांगता येणार नाही. वसाहतीतील सारी मुले त्यांना आजोबा म्हणतात. पत्नी गेल्यापासून ते फारसे खाली उतरत नसत. एका रविवारी जिन्यात त्यांनी चिरंजिवांच्या हातातील गाडी पाहिली, पुढचे चाक दोन बोटांत धरून वर-खाली केले आणि विचारले, “हे कोण अडकवून ठेवलं रे बाळ?”

दुसऱ्या मिनिटाला त्यांची हत्यारांची पेटी आमच्या ओट्यावर आली होती.

“अगोदर स्प्रिंगा काढा,” ते म्हणाले. स्प्रिंगा काढल्यावर पुढची दोन्ही चाके ज्यांच्या टोकांना बसविलेली असतात ते प्लॅस्टिकचे बाहू आपल्या वजनाने खाली पडावयास हवे होते. आमचे बाहू प्रलंबित प्रकरणाप्रमाणे अधांतरी राहिले. चाळीस वर्षांच्या वंगणाची आणि धुळीची खळ झाली होती आणि खिळींना गंज चढला होता. खिळी रॉकेलमध्ये भिजवून काचकागदाने घासल्या. प्लॅस्टिकला मात्र रॉकेल लावू न देता आजोबांनी ते साबणाच्या पाण्यात धुवावयास लावले, कारण जुने प्लॅस्टिक चिडते आणि तडकते. सायंकाळपर्यंत दोन्ही बाहू बोट काढताच टपकन खाली पडू लागले. “आता बोलू,” आजोबा म्हणाले. जे मुळात हलत नाही त्याचे माप काय घ्यावयाचे, असा त्यांचा रोकडा सवाल.

येथे आम्हांस एक गोष्ट प्रथमच उमगली. मोटारीच्या सस्पेन्शनचा विचार आपण नेहमी बसणाऱ्याच्या अंगाने करतो. खड्डा आला, पाठीला हिसका बसला नाही, की सस्पेन्शन चांगले. जुन्या बंगळुरी जटक्यात बसलेल्या मंडळींनी पाट्यांची पारख अशीच केली असणार. पण या गाडीत बसणारे कोणी नाही! तिच्या पोटात एक विजेरी आणि एक मोटर. त्यांची कंबर दुखत नाही. मग स्प्रिंगा कशासाठी? तर चाक जमिनीवरून सुटू नये यासाठी. जमीन वर आली की चाकाने वर जावे, जमीन खाली गेली की लागलीच मागोमाग खाली यावे. जे चाक जमिनीला टेकलेले नाही त्याला वळविले काय आणि न वळविले काय! पुढची चाके गाडीला दिशा देतात, म्हणून त्यांचे जमिनीशी नाते क्षणभरही तुटून चालत नाही. लवचिकपणा हा येथे सुखासाठी नाही, पकडीसाठी आहे. खऱ्या मोटारीतही हेच खरे, पण तेथे मऊ गादीमुळे ते झाकले जाते.

या एका हेतूसाठी जपान्यांनी आणि अमेरिकनांनी किती प्रकार करून पाहिले ते वाचताना आमच्या कित्येक रात्री मजेत गेल्या. तामियांचा मूळ धंदा लाकडाचा. १९४६ साली त्यांनी लाकूड कापण्याची वखार घातली. पुढे लाकडी प्रतिकृती आणि १९६० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या. येथून साठ किलोमीटरांवरील चन्नपट्टणची, आणि आपल्या सावंतवाडीची, लाकडी खेळणी आठवली की हा प्रवास आपल्याही वाटेवरचा वाटतो. फक्त आपण लाखेच्या रंगापाशी थांबलो. १९७९ साली तामियांनी रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या दोन बग्ग्या काढल्या. दुसरीचे रूप फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे, आणि नुसते रूपच नव्हे. बीटलच्या पुढल्या अंगाला दोन आडव्या नळ्या एकीखाली एक असतात आणि त्यांच्यात पोलादी पट्ट्यांची जुडी असते. चाकाचा बाहू मागे वळलेला. चाक वर गेले की जुडीला पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगेचे काम करतो. हीच रचना त्यांनी ओतीव धातूत, पीळ खाणाऱ्या सळ्या घालून, तळहातावर मावेल एवढी करून बसविली. खेळण्यात इतके खरेपण ओतण्याची गरज होती का, असे आमचे सहकारी विचारतात. आम्हांस वाटते की, गरज नसताना केलेल्या कामातच कारागिराची ओळख पटते.

नाकतोडा त्यामानाने गरिबाघरचा. नवशिक्यासाठी स्वस्तात काढलेला. त्याचा प्रत्येक बाहू एकसंध असून गाडीच्या मध्याजवळ एका खिळीवर झुलतो. झुल्याच्या टोकाला चाक. त्यामुळे बाहू वर गेला की चाक नुसते वर जात नाही, त्याचा माथाही आत कलतो. बाहू खाली लोंबला की माथा बाहेर कलतो. उभ्या रेषेपासूनच्या या कलण्याला कॅम्बर म्हणतात. त्याच १९८४ साली अमेरिकेत टीम असोसिएटेड कंपनीने आरसी-१० नावाची बग्गी काढली; तिला खाली रुंद बाहू आणि वर दुसरा दांडा अशी दुहेरी जोडणी असल्याने चाक वर-खाली होतानाही बव्हंशी उभेच राहते. शर्यतीचे घोडे आणि टांग्याचे घोडे असा हा भेद. आमचा टांग्याचा.

कलण्याचा बंदोबस्त सोपा निघाला. विजेरी घालून गाडी पाटावर ठेवावयाची, सुताराचा गुण्या चाकाला लावावयाचा आणि स्प्रिंगेखाली पातळ कड्या घालून किंवा काढून चाक उभे करावयाचे. विजेरी घातल्यावाचून माप घेतले तर ते व्यर्थ. ओझे घेतल्यावर माणूस कसा उभा राहतो यालाच महत्त्व.

खरी खोड मात्र दुसरीकडे होती, आणि ती आजोबांनी खराट्याच्या दोन हिरांनी पकडली. दोन्ही चाकांच्या बाहेरच्या अंगास त्यांनी एकेक लांब हीर चिकटपट्टीने आडवा लावला, समोर पुठ्ठा उभा केला आणि चिरंजिवांना गाडीचे नाक हळूहळू दाबावयास सांगितले. चाकाचे वळणे डोळ्यांस दिसत नव्हते, पण हिराचे टोक पुठ्ठ्यावर चांगले दोन बोटे सरकले! कोणी कळ दाबली नव्हती, कोणी सुकाणू फिरविले नव्हते. तरी चाक वळले होते. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीवाचून हुकूम निघाला होता.

याचे कारण शाळेतील कंपासपेटीने समजते. चाक वर उचलले जाते तेव्हा ते बाहूच्या आतल्या खिळीभोवती वर्तुळाचा तुकडा काढीत जाते. त्याच चाकाला दिशा देणारी जी बारीक सळी, तीही आपल्या आतल्या टोकाभोवती दुसऱ्या वर्तुळाचा तुकडा काढते. दोन्ही वर्तुळांचे मध्य एका ठिकाणी असते तर दोघांचे पटले असते. आमच्या गाडीत सळीचे आतले टोक खिळीच्या रेषेपेक्षा बरेच वर होते. पूर्वी कोणी तरी दुरुस्ती करताना सांधा पट्टीच्या वरच्या अंगाला बसविला असावा. त्यामुळे एक वर्तुळ एकीकडे जाई, दुसरे दुसरीकडे, आणि त्या भांडणात सळी चाकाला ओढी किंवा ढकली. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर निदान दोघांची ओढ एकमेकांस छेदते. मैदानातील उंचवटा मात्र एका वेळी एकाच चाकाखाली येतो. या खोडीस इंग्रजीत ‘बंप स्टिअर’ म्हणतात.

आजोबांनी सांधा पट्टीच्या खालून बसविला, मध्ये दोन वायसर घातले आणि म्हणाले, “स्वल्प ॲडजस्ट माडी.” थोडे सांभाळून घ्या, हा बंगळुरातील बसपासून बँकेपर्यंत चालणारा मंत्र, तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो याच मंत्राच्या बळावर. पुन्हा नाक दाबले. हिराचे टोक आता गव्हाच्या दाण्याएवढेच हलले. ते शून्य व्हावे म्हणून चिरंजीव हट्टाला पेटले, पण आजोबांनी त्यांना सळीचे आतले टोक बोटाने दाखविले. गाडी वळविली की ते टोकच जागा सोडते. मग सरळ चालीसाठी जुळविलेले वर्तुळ वळणात कसे जुळावे? सगळीकडे जुळेल असे ठिकाण या रचनेत नाही. सरळ चालीत जुळवून घ्यावयाचे आणि वळणातील उणे पत्करावयाचे.

वळणातली आणखी एक जुनी अडचण आहे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. म्हणून दोघांनी सारखे वळून चालत नाही. या युक्तीला ॲकरमन यांचे नाव चिकटले आहे. हे गृहस्थ लंडनमध्ये चित्रे-पुस्तके छापीत. १८१८ साली त्यांनी पेटंट घेतले, पण युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनविणाराची. टिपण एकाने लिहावे आणि सही दुसऱ्याची व्हावी, हे सरकारी नोकरास परिचयाचे आहे. असो.

स्प्रिंगांच्या बाबतीत चिरंजिवांची सूचना अशी की, स्प्रिंग ताठ आहे तर तिचे दोन वेढे कापून टाकावे, म्हणजे ती मऊ होईल. ऐकावयास तर्कशुद्ध. आजोबांनी एक लांब रबर ताणून दाखविले, मग तेच रबर निम्म्यावर धरून ताणावयास सांगितले. निम्मे रबर दुप्पट हट्टी! स्प्रिंगेचेही तेच; वेढे कापले की ती ठेंगणी होते खरी, पण ताठरपणा वाढतो. मऊ हवी तर बारीक तारेची, नाही तर अधिक वेढ्यांची घ्यावी. म्हणून आम्ही तिघे बसने एस. पी. रोडला गेलो. त्या अरुंद रस्त्यावर विजेचे सुटे भाग, मोटारी, तारा, जुन्या यंत्रांची आतडी असे काय काय मांडलेले असते! आजोबा तेथे वीस वर्षांनी तरुण झाले. डबाभर स्प्रिंगांतून अंगठ्याने दाबून दाबून त्यांनी एक जोडी निवडली.

तेथेच एका दुकानातील तरुणाने, गाडी पाहून, पुढची सगळी रचनाच काढून टाकून नवीन, दुहेरी बाहूंची, तेल भरलेल्या धक्काशोषकांची बसवा, असा सल्ला दिला. सल्ला चुकीचा नव्हता. नाकतोड्याच्या पुढच्या अंगाला तेल मुळीच नाही. स्प्रिंग आतल्या दांड्यावर घासते तेवढाच काय तो आवर. चिरंजिवांनी आमच्याकडे पाहिले. घरच्या जमाखर्चाची अडचण तर होतीच, पण ती नसती तरी आम्ही नाहीच म्हटले असते. नवी रचना बसविली की गाडी सुधारत नाही, गाडी बदलते. मग माळ्यावरून आली ती कोठे राहिली? आजोबांनी दांड्यांना घट्ट वंगणाचा पातळ हात दिला आणि गाडी वीतभर उंचीवरून सोडली. पूर्वी ती दोनतीनदा उसळे. आता एकदा बसली आणि बसून राहिली.

पुढच्या चाकांची तोंडे आम्ही किंचित एकमेकांकडे ठेवली आहेत. पुढून मोजले तर टायरांमधील अंतर मागल्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी भरते. त्याने सरळ चालीत गाडी स्थिर राहते. उलट, तोंडे बाहेर केली तर वळण चटकन घेते, पण सरळ रस्त्यावर भिरभिरते. चाकाच्या खुंटीला मागे कल असला की चाक आपोआप सरळ होऊ पाहते. कचेरीतील फिरत्या खुर्चीची चाके आपण ढकलू तिकडे मागून येतात, त्यातलाच हा प्रकार. तो कल आमच्या गाडीत कारखान्यातून ठरून आला आहे आणि बदलण्याची सोय नाही. आजोबांच्या मते विमानाच्या पुढल्या चाकाचे सारे दुखणे याच ठिकाणी असते. त्यांनी ते थरथरते चाक हाताने करून दाखविले तेव्हा आमचे सहकारी, म्हणजे त्यांचे चिरंजीव, दारात उभे होते. वडिलांना एवढे बोलताना त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

चौथ्या रविवारी गाडी मैदानात उतरली. ती शर्यत जिंकली नाही. जिंकणे शक्यच नव्हते. तिच्या लहानशा मोटरीची आणि त्या नव्या गाड्यांची बरोबरी कोठली? पण उंचवट्यांच्या ओळीवरून ती नाक न वळविता, चाके खालीवर करीत, अशी तुरुतुरु गेली की बाजूला उभी असलेली मुले वाकून तिच्या पुढच्या चाकांकडे पाहू लागली. एकाने काही विचारले. चिरंजिवांनी उत्तर दिले, “स्वल्प,” आणि पुढे शब्द न सुचल्याने दोन्ही हातांचे बाहू करून दाखविले. त्या संध्याकाळी एक नवी गाडी उलटी करून दगडावर ठेवलेली आम्ही गच्चीवरून पाहिली. तिच्या पुढच्या चाकांना खराट्याचे हीर लावलेले होते, भोवती पाच डोकी होती, आणि मध्ये आजोबा.

आता चिरंजिवांना कानडीत डावे-उजवे येते, पुढे-मागे येते. ‘एडक्के, बलक्के’ अशी त्यांची आरोळी वसाहतीत कोठूनही ऐकू येते. आमच्या खराट्याचे हीर वरचेवर नाहीसे होतात अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे. नाकतोड्याच्या मागच्या अंगाला अद्याप हात लागलेला नाही. मागचा आस अखंड असून एक चाक उचलले की दुसरे आपोआप कलते. पुढचे नाक सरळ राहू लागल्यापासून ही खोड अधिक जाणवते. आजोबा म्हणतात की येत्या रविवारी तो सोडवून पाहू, फक्त पाऊस नको.